या पावसाळ्यात आमच्या पडवीत वाचलेली पुस्तके

रत्नागिरी तालुक्यात मालगुंड आणि जयगड यांच्या दरम्यान असलेल्या आमच्या गावात जून महिना लागला की दोन गोष्टी एकदम होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे एरवी पहाटेच बंदरावर गेलेली माणसे घरात दिसू लागतात. आणि खळ्यात पाणी साचल्यामुळे मुलांचे खेळ बंद पडतात, म्हणून तीही हाताशी असतात. गेली काही वर्षे या दोन महिन्यांत संध्याकाळी आमच्या पडवीत मोठ्याने वाचन चालते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि ज्याला पुढचे कळायची घाई होते तो पुस्तक घरी घेऊन जातो. काही पुस्तके माझी आहेत, तर काही रत्नागिरीच्या नगर वाचनालयातून आणलेली आहेत. १८२८ साली स्थापन झालेल्या या वाचनालयाचा लाभ खेड्यापाड्यांतील वाचकांनी अधिक घ्यायला हवा असे मला फार मनापासून वाटते.

खाली ज्या पुस्तकांची शिफारस करीत आहे, त्यांतील बहुतेक पुस्तके नवी नाहीत. पण मी ती सर्व अलीकडेच, ऐकणाऱ्यांसमोर बसून पुन्हा वाचली आहेत. निवडताना कसोटी एकच ठेवली: लेखकाने जे लिहिले आहे ते त्याने जवळून पाहिलेले आहे का? दर्या, पाऊस, होडी आणि भूक ज्यांनी रोज पाहिली आहे अशा माणसांपुढे वाचायला बसले की वरवरचे लिहिणे पहिल्या दोन पानांतच उघडे पडते.

सुरुवात ‘एका कोळियाने’ या पुस्तकापासून करते, कारण या पावसाळ्यात सर्वांत जास्त बोलणे त्याच्याविषयी झाले. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि तिचा हा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी केला आहे. लहानपणी पाठ केलेल्या कवितेतील जाळे विणणारा कोळी आणि दर्यावर जाणारा कोळी असे दोन्ही अर्थ या शीर्षकात एकत्र येतात, आणि मराठीशिवाय अन्य भाषेत हे साधले असते असे वाटत नाही. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा सांतियागो पंच्याऐंशीव्या दिवशी एकटाच खोल समुद्रात जातो, त्याच्या गळाला त्याच्या होडीपेक्षाही लांब मासा लागतो आणि तो मासा त्याला होडीसह ओढत नेतो, एवढीच ही गोष्ट आहे.

वाचत होता माझा भाचा. तो यंदा नववीत गेला आहे. मासा दोरी ओढू लागतो तो भाग आला तेव्हा त्याने मध्येच विचारले, की म्हाताऱ्याने दोरी होडीला बांधून का टाकली नाही. उत्तर पुस्तकात आहेच, पण त्याआधी आमच्या शेजारचे तांडेल बोलले. आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी जयगडच्या बंदरावरून दर्यावर काढली आहेत आणि एरवी ते पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत. ते म्हणाले, “बांधलीन तर एका हिसक्यात तुटेल. माशाला दोरी सोडायला लागते, मग घ्यायला लागते. पाठीवरनं घेतलीन ना त्याने? मग बरोबर आहे. नुसत्या हातावर धरलीन असती तर बोटं गेली असती.” मग त्यांनी आपला उजवा तळवा दिव्याखाली धरून मुलांना दाखवला. करंगळीच्या खालून अंगठ्यापर्यंत गेलेला पांढरा वण सगळ्यांनी पाहिला. पुढे सांतियागो कापलेला हात समुद्राच्या पाण्यात बुडवून धरतो तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते वेळेच्या आधी येऊन बसले, आणि दोरी किती वाव सोडली होती ते पान पुन्हा वाचायला लावून त्यांनी बोटांवर हिशेब केला.

या पुस्तकाविषयी एक अडचण सांगणे आवश्यक आहे. म्हाताऱ्याच्या आणि त्या लहान मुलाच्या बोलण्यात बेसबॉलचे उल्लेख वारंवार येतात आणि ते आपल्याकडील मुलांना लागत नाहीत. आम्ही तिथे थांबून थोडे समजावून पुढे गेलो. पुलंचे नाव पाहून विनोदाची अपेक्षा ठेवणाऱ्यानेही आधीच सावध व्हावे, कारण येथे अनुवादकाने स्वतःला पूर्णपणे मागे ठेवले आहे आणि मला तोच या अनुवादाचा मोठा गुण वाटतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी हे पुस्तक स्वतः वाचावे. त्याहून लहानांनी ऐकायला हरकत नाही, मात्र शार्क मासे तुटून पडतात तो शेवटचा भाग दिवसाउजेडी वाचावा.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एकच पुस्तक सुचवा असे कोणी म्हटले तर मी ‘तोत्तोचान’ सुचवीन. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी आठवणींचा मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केला असून तो नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला आहे. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते, बाकाचे झाकण पुन्हापुन्हा उघडते आणि मिटते, म्हणून पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरणाऱ्या तोमोए शाळेत येते. तेथील मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. मी शिक्षिका होते, आणि मला हे पान दर वेळी बोचते. माझ्या नोकरीत कोणत्याही मुलाचे मी सलग चार मिनिटे तरी ऐकून घेतले होते का, हे मला आठवत नाही.

या पुस्तकातील डब्याचे प्रकरण किनाऱ्यावरच्या मुलांना विशेष आवडते. कोबायाशी पालकांना एवढेच सांगतात, की मुलांच्या डब्यात काहीतरी समुद्रातले असावे आणि काहीतरी डोंगरावरचे असावे. जेवणाच्या वेळी ते प्रत्येकाच्या डब्यात डोकावतात, आणि ज्याच्या डब्यात एक बाजू कमी असेल त्याला त्यांच्या पत्नी सोबत आणलेल्या दोन भांड्यांपैकी योग्य त्या भांड्यातून वाढतात. हे वाचून झाल्यावर आमच्या मुलांनी आपापल्या घरच्या जेवणाची वाटणी सुरू केली. सुकट, बांगडा आणि तिसऱ्या समुद्रातल्या, फणसाची भाजी आणि कुळथाची पिठी डोंगरावरची, इथपर्यंत एकमत झाले. पण नारळ कोणीकडचा यावर मोठा वाद झाला. तो वाळूत वाढतो म्हणून समुद्राचा, असे मुलींचे म्हणणे होते, तर माडावर चढावे लागते म्हणून डोंगराचा, असे मुलगे म्हणत होते. सर्वांत लहान मुलीने मीठही समुद्राचेच असते असे सांगितले तेव्हा प्रत्येकाच्या डब्यात समुद्र आहे हे सगळ्यांनी मान्य केले. हा संवाद कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेतून घडवता आला नसता.

पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान शिडी लावून आपल्या झाडावर चढवते ते प्रकरणही असेच मोठ्याने वाचण्याजोगे आहे. पुस्तकाचा शेवट दुःखाचा आहे, कारण १९४५ च्या बॉम्बवर्षावात शाळा जळून जाते. लहान श्रोत्यांना ते झेपेल का अशी मला शंका होती. मात्र जळणाऱ्या शाळेकडे पाहत मुख्याध्यापक पुढची शाळा कशी काढू या असे विचारतात, आणि मुले त्या प्रश्नाला उत्तरे देण्यात गुंतली.

अगदी लहानांसाठी, म्हणजे नुकती अक्षरे जुळवू लागलेल्यांसाठी, माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच घ्यावा. चित्रेही त्यांचीच आहेत आणि त्या चित्रांतील घर खरोखर माणसे राहतात तसे आहे. चिकण्या कागदावर भडक रंगांत छापलेल्या आणि इंग्रजी पुस्तकांवरून उचललेल्या गोष्टींनी जत्रेतील दुकाने भरलेली असतात. त्यांतील चार घेण्याऐवजी हे एक घेतलेले बरे. विंदा करंदीकर यांचे ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ हे दुसरे. विंदा मूळचे देवगड तालुक्यातील धालवलीचे. भुतांच्या गोष्टी ऐकतच वाढणाऱ्या कोकणातल्या मुलांना भुताची भीती सोडून गंमत वाटायला लावणारे हे पुस्तक आहे, आणि त्यातील कविता तालावर म्हणून दाखवल्या तर पाच वर्षांची मुलेही दोन दिवसांत पाठ म्हणू लागतात.

‘श्यामची आई’ सुचवायला नको, ती प्रत्येक घरात असतेच, असे मला काहींनी सांगितले. घरात असते हे खरे आहे, पण ती वाचली जात नाही. वाढदिवसाला दिली जाते आणि कपाटात राहते. साने गुरुजी आमच्याच जिल्ह्यातील पालगडचे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक अवघ्या काही दिवसांत लिहिले. प्रकरणांना त्यांनी रात्री म्हटले आहे. तशाच एका वेळी एक रात्र अशा रीतीने ते वाचावे, आणि वाचून झाल्यावर मुलाला बोध विचारू नये, एवढे पथ्य पाळले तर ते आजही मुलांना धरून ठेवते. पत्रावळीच्या प्रकरणानंतर आम्ही वडाची पाने आणि बांबूच्या चोया घेऊन बसलो. पान दुमडून चोय आरपार न फाटता टोचणे किती अवघड आहे हे कळल्यावर श्यामविषयी मुलांना जो आपलेपणा वाटला तो कोणत्याही उपदेशाने वाटला नसता. काही ठिकाणी गुरुजींच्या भाषेत डोळ्यांतले पाणी फार आहे हे मला मान्य आहे. तेवढी जागा वाचणाऱ्याने सावकाश, आवाज न चढवता ओलांडावी.

कुमारवयीन वाचकांविषयी माझा अनुभव असा, की त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम लिहिलेले त्यांना लगेच ओळखू येते आणि ते दूर सारतात. त्यांना आपल्या वयाचे माणूस खरे भेटले पाहिजे. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधील लंपन तसा आहे. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणाऱ्या या मुलाचे जग चार पुस्तकांत पसरलेले आहे: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. ती याच क्रमाने वाचावीत. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी सुरुवातीला अडते आणि दहा पानांनंतर तीच कानात घुमू लागते. आमच्या घरात सध्या सर्व काही ‘मॅडसारखे’ होत आहे, कारण लंपनचा हा शब्द भाच्याने उचलला आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की घरी बोलतो ती भाषा पुस्तकात येऊ शकते हे त्याला या पुस्तकांनी दाखवले. तोपर्यंत निबंधात तो ‘पर्जन्यवृष्टी’ लिहीत असे. गेल्या महिन्यात त्याने आजोबांवर चार पाने लिहिली आणि त्यांत आजोबा जसे बोलतात तसेच बोलतात.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मुलांच्या हाती द्यावी की नाही असे पालक मला विचारतात. नववीतील मुलगा, वर्गातील मुलीविषयी त्याला वाटणारी ओढ, मित्रांची रांगडी भाषा आणि मागे आणीबाणीचा काळ असे तिचे स्वरूप आहे. माझे मत स्पष्ट आहे: नववी-दहावीतील मुलामुलींना ती अवश्य द्यावी आणि पालकांनी आधी स्वतः वाचावी. त्या वयाच्या मुलाच्या मनात काय चाललेले असते याचा इतका प्रामाणिक पुरावा सहसा मिळत नाही.

विज्ञानाची आवड असलेल्यांसाठी जयंत नारळीकर यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, त्यानंतर आम्ही तो पुन्हा काढला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले, ही हकीकत मुलांना फार आवडली. काही कथांतील यंत्रे आता जुनी वाटतात, तरी त्यांमागचा प्रश्न जुना झालेला नाही.

मोठ्यांसाठी मी दोन पुस्तके जोडीने सुचवते आणि ती एकापाठोपाठच वाचावीत असा माझा आग्रह आहे. पहिले श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’, आणि दुसरे उर्मिला पवार यांचे ‘आयदान’.

‘तुंबाडचे खोत’ ही १९८७ साली प्रसिद्ध झालेली दोन खंडांची कादंबरी खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठावर घडते. खोत घराण्याच्या चार पिढ्या, त्यांचा माज, त्यांची उदारता, त्यांचे वाडे आणि त्या वाड्यांचा ऱ्हास हा तिचा विषय आहे. पेंडसे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. खाडीच्या भरतीओहोटीवर चालणारे जुने कोकण त्यांनी ज्या बारकाईने उभे केले आहे त्याला मराठीत तोड नाही. पहिल्या खंडात माणसे फार आहेत, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशवेल लिहीत जावी. मी तसे केले तेव्हापासून अडखळले नाही. पण वाचताना हेही जाणवत राहते, की आपण सर्व काही वाड्याच्या आतून पाहत आहोत. कुळे येतात, वाकतात आणि जातात. खोती पद्धत संपवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. या एवढ्या मोठ्या उलथापालथीची धग ज्यांच्या अंगावर होती त्यांचा आवाज ऐकायचा तर वाड्याबाहेर यावे लागते.

तो आवाज ‘आयदान’मध्ये आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावात सुरू होते. आयदान म्हणजे बांबूची भांडी. सुपे, टोपल्या, रोवळ्या. लेखिकेची आई ती विणून घर चालवीत असे, आणि आपले लिहिणेही त्याच विणीतले आहे असे लेखिका सांगते. पहिल्या प्रकरणातच डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका भेटतात. त्यांची थट्टा, त्यांची भूक, पायांना बसणारे चटके आणि परतीच्या वाटेवरचे बोलणे यांतले काहीही सजवलेले नाही. आमच्याकडे ऐकायला येणाऱ्या एका आजींनी तरुणपणी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वरच्या गावांतून फिरून विक्री केली आहे. हे प्रकरण चालू असताना त्या उठून घरी गेल्या आणि जुन्या लुगड्याची गुंडाळलेली चुंबळ घेऊन आल्या. ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “वाच गो. ही सगळी वाट माझ्या मानेला ठाऊक आहे.” जातीमुळे वाट्याला आलेला अपमान मात्र त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. ते भाग आले तेव्हा पडवीत कोणी बोलले नाही, आणि आमच्याच जिल्ह्यातील या गोष्टी आम्हाला पुस्तकातून कळाव्यात याची मला लाज वाटली. विवाह, शरीर आणि घरातील पुरुषी वागणूक यांविषयीही लेखिकेने मोकळेपणाने लिहिले आहे, म्हणून हे पुस्तक सतराअठरा वर्षांच्या पुढच्या वाचकांना द्यावे.

अलीकडच्या लेखनातील प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ ही कादंबरीही यंदा वाचली. तिला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. कळसूत्री बाहुल्यांच्या आधारे आजच्या सार्वजनिक जीवनाकडे पाहणारी ही कादंबरी सोपी नाही आणि ती मोठ्याने वाचण्याचा आमचा प्रयत्न तिसऱ्या दिवशी थांबला. एकट्याने, शांतपणे वाचणाऱ्याला मात्र ती भरपूर देते.

खरेदीविषयी दोन शब्द. ‘तुंबाडचे खोत’ मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले तेव्हा पहिल्या खंडाऐवजी दुसऱ्याच खंडाच्या दोन प्रती आल्या आणि त्या बदलून मिळायला सव्वा महिना गेला. म्हणून दोन खंडांची पुस्तके शक्यतो दुकानात जाऊन, दोन्ही खंड हातात घेऊन, मधली पाने चाळून विकत घ्यावीत. ज्यांना खर्च जड वाटतो त्यांनी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाकडे वळावे. ते १९७१ पासून निघत आहे, त्याची किंमत कमी असते आणि जुने अंक मुले पुन्हापुन्हा वाचतात.

पुस्तके कोकणातल्या दमट हवेत टिकवायची तर त्यांची मांडणी भिंतीला चिकटून करू नये, मागे चार बोटे वारा खेळायला जागा ठेवावी, मधूनमधून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि श्रावणात पहिले कडक ऊन पडले की सगळी पुस्तके पडवीत उभी उघडून ठेवावीत. थेट उन्हात ठेवली तर बांधणीचा डिंक सुटतो. यंदा १ ऑगस्टनंतर मी ती अशी मांडली तेव्हा ‘एका कोळियाने’ची जागा रिकामी होती. तांडेलांनी ती प्रत नेली आहे आणि आता त्यांचा मुलगा ती वाचत आहे.